बारगीर ते बर्गी : अलिवर्दीखानाची दहा वर्षे

बंगालमध्ये संसार थाटलेल्या मराठी कुटुंबावर एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. शेजारच्या बंगाली घरातील आजीबाई नातवाला थोपटीत एक अंगाईगीत म्हणत असतात. त्यात पाखरांनी खाल्लेल्या धान्याची, भरावयाच्या साऱ्याची आणि देशात शिरलेल्या ‘बर्गीं’ची गोष्ट असते. आपण कौतुकाने अर्थ विचारतो आणि आजीबाई क्षणभर घुटमळतात. कारण बर्गी म्हणजे आपणच. आमच्यावर हा प्रसंग आला त्याला आता पुष्कळ वर्षे झाली, परंतु त्या माउलीने घाईघाईने पुढे केलेली संदेशाची बशी अजून डोळ्यांपुढे आहे.

हा शब्द मूळचा आपलाच. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर. ‘बारगीर’चे बंगाली जिभेवर ‘बर्गी’ झाले आणि सैन्यातील एका साध्या हुद्द्याचे नाव मुलांना भेवडावण्याच्या कामी आले. लहानपणी आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या दोन-चार ओळींत आटोपलेल्या असत आणि त्या ओळी वाचताना छाती फुगत असे. त्याच ओळींची दुसरी बाजू पाहण्यासाठी येथे यावे लागले.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, १९९३ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये मुंबईने जे सोसले, त्यानंतर आपल्या बैठकींतून एकच वाद आम्ही वारंवार ऐकला. दहशत माजविणाऱ्याशी बोलावयाचे की त्याच्यावर सैन्य धाडावयाचे? हा प्रश्न काल-परवाचा नाही. ज्या भूमीवर आज आपण राहतो तेथील एका राज्यकर्त्याने तो दहा वर्षे उशाशी घेऊन रात्री काढल्या, आणि त्या वेळी दहशत आपल्या पूर्वजांची होती. आपण घाव सोसणाऱ्याच्या जागी नसताना हा प्रश्न कसा दिसतो, हे एकदा पाहावे असे आम्हांस वाटले.

अठराव्या शतकातील स्वारीला विसाव्या शतकातील ‘दहशतवाद’ हा शब्द लावावा काय, अशी शंका रास्त आहे. नागपूरकर रघूजी भोसले हे कोणी छुपे टोळीवाले नव्हते. ते छत्रपती शाहूमहाराजांचे सेनासाहेबसुभा होते आणि चौथाईचा आपला हक्क बजावीत आहोत अशी त्यांची भूमिका होती. तथापि बर्गींची जी रीत बंगालने पाहिली तिचे स्वरूप विचारात घेतले पाहिजे. नवाबाच्या फौजेशी समोरासमोर लढाई टाळावयाची. गावे जाळावयाची, धान्याच्या बखारी लुटावयाच्या, रयतेला इतके हवालदिल करावयाचे की तिच्या धन्याने निमूटपणे पैसे मोजावेत. घाव निःशस्त्रावर आणि मागणी सशस्त्राकडे, हा प्रकार आजच्या वाचकास अनोळखी वाटणार नाही. शब्द कोणताही वापरा.

अलिवर्दीखान १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत आपल्या धन्याचा मुलगा सरफराजखान याला मारून बंगालच्या मसनदीवर बसला होता. पुढल्या वर्षी त्याने ओरिसाचा नायब रुस्तमजंग यालाही पळवून लावले. रुस्तमजंग सरफराजचा मेहुणा. त्याने दक्षिणेत जाऊन रघूजींचे साहाय्य मागितले आणि त्याच्या पदरचा मीर हबीब नावाचा शिराजकडील कर्तबगार इराणी पुढे मराठ्यांचा डोळा व कान झाला. बंगालवर मराठे आले ते अशा घरच्या फुटीच्या वाटेने, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१७४२ च्या एप्रिलमध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर पाचेटच्या डोंगरांतून बर्दवानवर उतरले. ओरिसाहून परतणारा नवाब थोड्या फौजेनिशी तेथे सापडला. मराठी घोडदळाने त्याची रसद तोडली. भास्करपंतांनी परत फिरण्यासाठी १० लक्ष रुपये मागितले. नवाबाने साफ नकार दिला. पुढे काही दिवसांतच त्याचे सामानसुमान लुटले गेले, पठाण सरदार कुरकुरू लागले, माणसे झाडांची पाने व मुळे खाऊ लागली, तेव्हा त्याने स्वतःच वकील पाठविला. आता मागणी एक कोट रुपयांची होती, शिवाय हत्ती. अशक्त झालेल्याचे बोलणे किती महाग पडते याचा इतका झटपट हिशेब इतिहासात क्वचितच मिळतो. नवाबाने पुन्हा तलवार उपसली आणि लढत लढत काटवा गाठले.

त्याची पाठ वळली असता ६ मे १७४२ रोजी मीर हबीबाने मराठी स्वारांनिशी राजधानी मुर्शिदाबादच गाठली आणि जगत्शेठांची पेढी लुटली. फारसी तवारिखांत या लुटीचा आकडा दोन कोट आर्काटी रुपयांपर्यंत चढतो. इतिहासकार तो फुगविलेला मानतात आणि आमचेही मत तसेच आहे. त्यानंतर भास्करपंतांनी काटव्याला ठाणे दिले, जुलैत हुगळी घेतली आणि गंगेचा सारा पश्चिम काठ त्यांच्या हाती गेला.

त्या पावसाळ्यात काय झाले ते गंगाराम नावाच्या कवीने आपल्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात लिहून ठेविले आहे. काव्याचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. पृथ्वीवर पापाचा भार झाला म्हणून शंकरानेच शाहूराजाच्या मनी ही स्वारी घालविली असे तो सांगतो. म्हणजे आपल्या लोकांबद्दल त्याच्या मनात मुळात अढी नाही. परंतु नंतर त्याची लेखणी रस्त्यावर येते. पोथ्यांच्या गाठोड्यांसह पंडित पळत आहेत, तराजू घेऊन सोनार, जाळे घेऊन कोळी, गरोदर बायका वाटेत अडल्या आहेत. कित्येकांनी अद्याप बर्गी पाहिलेलेही नाहीत, दुसरे पळतात म्हणून तेही पळत आहेत. मग बर्गी येतात, रुपये मागतात, न देणाऱ्यांचे हाल करतात, स्त्रियांची विटंबना करतात. शेवटी देवीच बर्गींवर रुष्ट होते. त्याच सुमारास बर्दवानच्या दरबारी असलेल्या बाणेश्वर विद्यालंकारांनीही ‘चित्रचंपू’ या संस्कृत काव्यात हीच करुण कथा सांगितली. हे दोघे हिंदू कवी, एक लोकभाषेत लिहिणारा व एक देवभाषेत, आणि दोघांचीही साक्ष आपल्याविरुद्ध आहे. अलीकडील इतिहासग्रंथांतून डच व्यापाऱ्यांचा चार लाख मृतांचा अंदाज उद्धृत होतो. तो काही कोणी मोजून काढलेला नव्हे. पण विणकर व रेशीमवाले देशोधडीला लागले, नदीच्या पूर्वेस निर्वासितांची रीघ लागली आणि कापडाच्या व्यापाराला मोठा धक्का बसला, याविषयी दुमत नाही.

कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि तेथील रहिवाशांनी या भीतीपोटी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे आलेच नाहीत. १७५६ मध्ये सिराजउद्दौला आला त्याला त्या खंदकाने अडविले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यातील बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड केला गेला. बागबाजारात मराठा डिच लेन या नावाने त्याची खूण उरली.

आता नवाबाकडे वळू. सैन्यबळाचा मार्ग त्याने सोडला नव्हता. भास्करपंत काटव्याजवळ थाटाने दुर्गापूजा करीत असता, २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे नवाबाची माणसे नावांच्या पुलावरून नदी उतरली आणि मराठी तळाची दाणादाण उडाली. वर्ष संपेपर्यंत नवाबाने त्यांना चिल्का सरोवरापलीकडे रेटीत नेले. विजय निर्विवाद होता. तो टिकला जेमतेम दोन-तीन महिने. १७४३ च्या आरंभी स्वतः रघूजी आले.

नवाबाच्या लष्करी अडचणीचे मर्म येथे आहे. तोफा, हत्ती व पायदळ यांच्या बळावर तो जवळजवळ प्रत्येक मोठी लढाई जिंकू शके, परंतु एकाही खेड्याचे रक्षण करू शकत नसे. मराठी स्वार दिवसाकाठी जेवढी मजल मारी तेवढी त्याच्या फौजेला आठवड्यात जमत नसे. शिवाय लढाईचा खर्च अखेर जमीनदारांवर, सावकारांवर व परदेशी कंपन्यांवर, म्हणजे फिरून रयतेवरच पडे. बर्गी नेत ते एकीकडे आणि बर्गींना हाकलण्यासाठी नवाब नेई ते दुसरीकडे.

मग त्याने मुत्सद्देगिरीचा एक हुशार डाव टाकला. रघूजी व पेशवे यांचे सूत नाही, हे दिल्लीला ठाऊक होते. बादशहा मुहंमदशहाच्या विनंतीवरून बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे बिहारमार्गे बंगालमध्ये आले. वाटेत त्यांच्या फौजेनेही खंडणी वसूल केलीच. मार्चअखेरीस पलाशीजवळ नवाब व पेशवे यांची भेट झाली. पुढे चौदा वर्षांनी ज्या गावाचे नाव साऱ्या जगाला कळावयाचे होते तेच हे पलाशी. शाहूमहाराजांना चौथ आणि पेशव्यांना स्वारीखर्चाचे २२ लक्ष रुपये, असे ठरले. पेशव्यांनी रघूजींना पिटाळले. काट्याने काटा निघाला असे नवाबाला वाटले असेल. परंतु ३१ ऑगस्ट १७४३ रोजी साताऱ्यास शाहूमहाराजांनी दोघांची समजूत घालून प्रदेश वाटून दिले आणि बंगाल व ओरिसा रघूजींच्याच वाट्यास गेले. म्हणजे २२ लक्ष रुपये देऊन नवाबाने जे विकत घेतले होते, ते त्याला न विचारता साताऱ्याच्या दरबारात परत दिले गेले. ज्याच्याशी भांडण त्याला वगळून तिसऱ्याशी केलेला करार किती दिवस टिकणार?

१७४४ च्या वसंतात भास्करपंत पुन्हा बंगालमध्ये उतरले. नवाबाचा खजिना रिता, सैन्य थकलेले. त्याने आपला पठाण सेनापती मुस्तफाखान आणि दिवाण जानकीराम यांना भास्करपंतांकडे पाठविले. चौथाईचे बोलणे समक्ष करू, असा निरोप होता आणि त्याला धर्मग्रंथांवरच्या शपथांची जोड होती. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथील शामियान्यात भास्करपंत व त्यांचे वीसएक सरदार आले. कनातींआड हत्यारबंद माणसे उभी होती. एकही सरदार जिवंत परतला नाही. तळावर मागे राहिलेल्या रघूजी गायकवाडाने उरलेल्या फौजेला सुखरूप बाहेर काढले.

मराठी वाचकाला येथे संताप येतो. आम्हांलाही आला. परंतु वाटाघाटीच्या निमित्ताने भेट आणि भेटीत शस्त्र, या प्रकाराकडे पाहण्याची आपली दृष्टी कोण कोणाला मारतो यावर पुष्कळदा ठरते, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा संताप बाजूला ठेवून एवढेच पाहू की, नवाबाला यातून मिळाले काय. पुढारी पडताच मराठी फौजेने बंगाल सोडला. वर्षभर स्वस्थता लाभली. दरबारात जयजयकार झाला असेल. आजही शत्रूचा म्होरक्या टिपला की असाच जयजयकार होतो.

नंतर देणी चुकविण्याची वेळ आली. या कामगिरीबद्दल मुस्तफाखानाला बिहारची सुभेदारी देण्याचे नवाबाने कबूल केले होते. ती मिळेना, तेव्हा १७४५ मध्ये त्याने बंड केले आणि ज्यांच्या सेनापतीचा त्याने घात केला होता त्या रघूजींनाच बोलावणे पाठविले. रघूजी आता सूड घेण्यासाठी आले. त्यांनी कटक घेतले. ओरिसावरची नवाबाची पकड जी सुटली ती पुन्हा पक्की म्हणून कधी बसली नाही. मुस्तफाखान लढाईत मेला, तरी पठाणांचा विश्वास उडाला तो उडालाच. १७४८ च्या जानेवारीत पाटण्यास समेटासाठी भरविलेल्या दरबारात काही पठाण सरदार नजराणे घेऊन आले आणि त्यांनी नवाबाचा पुतण्या व जावई झैनुद्दीन अहमद याला, म्हणजे सिराजउद्दौलाच्या बापाला, तेथेच कापून काढले. नवाबाचा वृद्ध भाऊ हाजी अहमद हाल करून मारला गेला. मुलगी कैदेत पडली. मानकऱ्याचा शामियाना चार वर्षांनी पाटण्यास उभा राहिला होता, आणि या वेळी आत नवाबाचे आप्त बसले होते.

सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा तशाही स्थितीत उठला, आणि एप्रिल १७४८ मध्ये त्याने गंगाकाठी पठाण व मराठे या दोहोंच्या जुटीला एकाच दिवशी हरविले, हे त्याच्या शौर्याबद्दल सांगितलेच पाहिजे. परंतु मराठ्यांशी बोलणे आता करणार कोण? नवाबाच्या शपथेवर विसंबून त्याच्या तंबूत पाऊल टाकण्यास कोण धजणार? आमच्या मते मानकऱ्याची खरी किंमत हीच होती. तेथे भास्करपंत पडले त्याबरोबर नवाबाच्या शब्दाची पतही गेली आणि ती पुन्हा उभी राहण्यास सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत जी गावे जळाली त्यांचा हिशेब अर्धा रघूजींच्या नावे मांडावा आणि अर्धा त्या शामियान्याच्या.

१७५१ मध्ये तह झाला. नवाब पंचाहत्तरीला टेकला होता आणि नागपूरकरांनाही दरसालच्या स्वारीत पूर्वीसारखे काही गवसत नव्हते, कारण लुटलेले गाव दुसऱ्या वर्षी पुन्हा लुटण्यासारखे राहत नाही. ठरले ते असे : बंगालच्या चौथाईपोटी नागपूरकरांना दरसाल १२ लक्ष रुपये. ओरिसाचा कारभार नवाबाचा नायब म्हणून मीर हबीबाने पाहावा आणि खर्च जाऊन उरलेला वसूल मराठी फौजेस द्यावा. मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडू नये. पुढल्याच वर्षी मीर हबीब मराठ्यांच्याच हातून मारला गेला आणि ओरिसा सर्वस्वी नागपूरकरांचा झाला. तो १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत.

बर्दवानला १० लक्षांवर भागत होते, मग नऊ वर्षे झगडून दरसाल १२ लक्ष आणि वर ओरिसा देण्यात कोणते शहाणपण, असा हिशेब मांडणारे भेटतात. आम्हांस तो पटत नाही. १७४२ चे १० लक्ष हे त्या दिवसापुरते होते. पुढल्या साली पुन्हा स्वारी येणार नाही याची हमी त्यात नव्हती, आणि चारच दिवसांत १० लक्षांचे कोट झाले हे आपण पाहिलेच. १७५१ च्या तहात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे आखून दिलेली नदी. ती रेषा नऊ वर्षांच्या लढायांनीच ओढली होती. बंगालमध्ये आपले ठाणे कायमचे टिकत नाही, हे मराठ्यांना काटव्याने व नंतरच्या लढायांनी पटविले होते. दुसरी म्हणजे ओरिसाचा वसूल. ज्याला स्वतःच्या मुलखाचा सारा गोळा करावयाचा असतो त्याला शेजारचा मुलूख पेटता ठेवणे परवडत नाही. बर्गी कारभारी झाला तेव्हाच त्याचे बर्गीपण सरले. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आणून उभा केला गेला तो त्याच मराठी अमदानीत. एकूण तह टिकला. १७६० मध्ये ओरिसाचे मराठी सुभेदार शिवभट साठे मेदिनीपूरकडे घुसले होते आणि थकलेल्या चौथाईवरून पुढेही कुरबुरी चालू राहिल्या. परंतु गावोगाव आगी लावणारी ती वार्षिक धाड पुन्हा आली नाही.

म्हणून सैन्य की सलोखा, अशा दोन पारड्यांत हे प्रकरण घालता येत नाही असे आम्हांस वाटते. नवाबाच्या तलवारीने बोलण्याला किंमत आणली आणि बोलण्याने तलवारीला थांबण्याची जागा दिली. दोहोंचा नाश केला तो मानकऱ्याच्या दिवसाने, कारण तेथे बोलणे हेच हत्यार बनविले गेले. हे आमचे मत. अलिवर्दीच्या जागी दुसरे काय करता आले असते, असे विचारणाऱ्यास आमच्याजवळ ठाम उत्तर नाही.

त्या तहाबद्दल एक गोष्ट मात्र खटकते. तहाच्या बोलण्यात गंगारामाचे सोनार, कोळी व पंडित कोठेच नाहीत. जळालेल्या घराची भरपाई कोणी कोणास दिली नाही. उलट १२ लक्षांची भरती करण्यासाठी ‘चौथ मराठा’ या नावाचा एक जादा कर रयतेवर बसविला गेला. ओरिसाच्या लोकांना तर कोणाचे राज्य हवे हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. अंगाईतल्या बर्गीसोबत साऱ्याची चिंता का येते, याचे कोडे आम्हांस हा कर वाचल्यावर उलगडले.

काळ पुढे गेला. देवघरला जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर या मराठी गृहस्थाने १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा ग्रंथ अस्सल बंगालीत लिहिला आणि वंगभंगाच्या चळवळीत तो घराघरांतून वाचला गेला. त्यांच्याच खटपटीने कलकत्त्यात शिवाजी उत्सव भरू लागला आणि रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. बर्गींच्या नातवंडांना बंगालने मांडीवर घेतले ते असे. तरीही अंगाई राहिली, आणि ती राहू द्यावी.

गंगारामाच्या काव्याची हस्तलिखित पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी सापडली ती मैमनसिंगमध्ये, म्हणजे मोठ्या नद्यांच्या पलीकडे, जेथवर बर्गींचे घोडे कधी पोहोचले नव्हते.